कॅन्टीन कमिटीत नव्याने आलात? ताटातला बदल असा घडवा

ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा कारखाना असो, वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप असो की ऐरोली-महापेचं ऑफिस, कॅन्टीन कमिटीवर नाव लागलं की पहिल्याच मीटिंगला दोन मागण्या कानावर येतात. कामगार म्हणतात, जेवणाला चव नाही. एचआर म्हणतं, लोकांना जरा पौष्टिक खायला लावा, अन्नाची नासाडी थांबवा. दोन्ही मागण्या एकत्र पुऱ्या करता येतात, आणि त्यासाठी कुणाच्या हातातला वडा काढून घ्यावा लागत नाही. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी या कमिटीचं काम केलं आहे. तिथे जे उपयोगी पडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे नव्याने येणाऱ्याला चाचपडत बसावं लागणार नाही.

हे काम मनापासून करण्यासारखं आहे. घणसोली-कोपरखैरण्याला एका खोलीत चौघं-पाचजण राहणाऱ्या मुलांचं दिवसातलं खरं जेवण कॅन्टीनचंच असतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीने भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज मांडला, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३.६ कोटी. दुपारच्या रांगेत हे सगळे आपल्या पुढे-मागेच उभे असतात.

उपदेशाने ताट बदलत नाही. भिंतीवरचं 'तळलेले टाळा' हे पोस्टर लोक दोन दिवस वाचतात, मग ते भिंतीचाच भाग होऊन जातं. बदल होतो तो पदार्थ कुठे ठेवलाय, आधी काय दिसतं, न मागता किती वाढलं जातं आणि पदार्थाला नाव काय दिलंय यांमुळे. 'नज' म्हणून ओळखलं जाणारं तंत्र हेच. त्याचा पाया घालणाऱ्यांपैकी रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एकच अट आहे: कुठलाही पर्याय काढून घ्यायचा नाही, आणि जे करतोय ते लपवायचं नाही.

१. आधी कागदपत्रं आणि सामान गोळा करा

ही कागदपत्रं मागून घ्या:

- कंत्राटदाराशी झालेला करार, विशेषतः प्रत्येक पदार्थाचं वजन लिहिलेला तक्ता
- गेल्या तीन महिन्यांची तेल, तांदूळ, डाळ, साखर आणि मिठाची बिलं
- शिफ्टप्रमाणे कूपन किंवा पंचिंगचा आकडा
- कंत्राटदाराच्या एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) परवान्याची प्रत (परवान्याचा क्रमांक १४ आकडी असतो)
- आचारी-वाढप्यांचे वैद्यकीय दाखले
- मागच्या मीटिंगांची इतिवृत्तं

सामान फार लागत नाही. भंगार मोजायचा असतो तसला एक काटा, झाकणाच्या तीन बादल्या, एक वही, आणि दोन वेगवेगळ्या मापांच्या पळ्या.

आपला अधिकारही माहीत हवा. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे २५० पेक्षा जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन सक्तीचं होतं. २०२० च्या नव्या कामगार संहितेत ही संख्या १०० वर आणली आहे. कमिटीशी पदार्थांचा दर्जा, प्रमाण, मेनू आणि जेवणाच्या वेळा यांवर विचारविनिमय व्हावा, अशीच नियमांची रचना आहे. म्हणजे मेनूबद्दल बोलणं ही तुमची लुडबुड नाही, ते तुमचं काम आहे. आयटी ऑफिसांना कारखान्याचे नियम लागू नसले तरी पुढचे सगळे टप्पे तिथेही तसेच चालतात.

२. एक आठवडा नुसतं बघा आणि मोजा

या आठवड्यात काहीही बदलू नका. ताट ठेवायच्या जागी बादल्या मांडा. एकीत भात-पोळी, दुसरीत भाजी-आमटी-कोशिंबीर, तिसरीत हाडं, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, केळ्याच्या साली. ही तिसरी बादली हवीच. ती नसली तर चिकनच्या दिवशी उगाचच 'केवढी नासाडी' दिसते आणि भलत्याच पदार्थावर खापर फुटतं. ताटात उरलेलं आणि टोपात उरलेलं वेगळं मोजा. ताटातलं उरतं ते वाढण्यामुळे किंवा चवीमुळे. टोपातलं उरतं ते अंदाज चुकल्यामुळे. त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

मग तेलाचा हिशेब करा. समजा ३०० ताटांच्या जेवणाला दिवसाला १५ किलोचा एक डबा लागतो. म्हणजे एका ताटामागे ५० ग्रॅम तेल. बैठं काम करणाऱ्या माणसाला सगळ्या दिवसासाठी साधारण २० ते ३० ग्रॅम पुरेसं मानतात. मिठाचंही तसंच करा. ३०० ताटांना २ किलो मीठ गेलं तर एकाच जेवणात माणशी साडेसहा ग्रॅमच्या वर जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना पूर्ण दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. हे दोन आकडे मीटिंगमध्ये मांडले की 'आमचं जेवण घरच्यासारखंच आहे' या वाक्यापुढे चर्चा सरकते.

३. आचाऱ्याला आणि वाढप्याला सोबत घ्या

मला विचाराल तर सगळ्यात मोठं काम हेच. मॅनेजरची सही मिळवणं सोपं आहे. पहाटे चारला भट्टी पेटवणाऱ्या माणसाचा रुकार मिळवणं त्याहून मोलाचं, कारण चव त्याच्या हातात आणि प्रमाण वाढप्याच्या पळीत असतं. दुपारची गर्दी सरल्यावर, चहाच्या वेळी स्वयंपाकघरात जा. 'दादा, तेल कमी करा' अशी सुरुवात करू नका. कोणता पदार्थ तुम्हाला सर्वांत छान जमतो, कोणता रोज उरतो, कशात वेळ जातो, हे विचारा. तेलाची तर्री लोक मागतात म्हणूनच वर येते, असं उत्तर हमखास मिळेल. त्यावर तोडगा तोच सुचवतो: तर्री वेगळ्या भांड्यात काढून ठेवायची, ज्याला हवी त्याने मागून घ्यायची. मागणारे थोडेच निघतात.

त्याच्या अडचणीही खऱ्या असतात. तीनशे माणसांना हातावरच्या भाकऱ्या त्या स्वयंपाकघरात होणार नाहीत. बाजरी-नाचणी आणायची असेल तर दुसरी वाट काढा: नाश्त्याला नाचणीचा डोसा किंवा आंबील, पोळीच्या कणकेत थोडं नाचणीचं पीठ. भाकरी हवीच असेल तर आठवड्यातला एक दिवस ठरवून बचत गटाकडून मागवा. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. तेव्हा उत्साहाने सुरू झालेले रोजचे 'मिलेट काउंटर' चालवायला माणसं आहेत का, हे आधी बघितलेलं बरं.

४. काउंटरवरचा क्रम बदला

याला खर्च शून्य. रांगेत जे आधी येतं त्याने ताटातली जागा भरते. बहुतेक कॅन्टीनमध्ये आधी भात, मग पोळ्या, मग भाजी, आणि कोशिंबीर शेवटी कोपऱ्यात असते. हा क्रम उलटा फिरवा: कोशिंबीर, उसळ, भाजी, डाळ, पोळी आणि शेवटी भात. पापड-फरसाण काउंटरच्या मागे ठेवा, मागितलं की हसून द्या. ताक पिण्याच्या पाण्याच्या आधी ठेवा. टेबलांवरची मिठाची भांडी उचलून एका जागी, पण दिसेल अशी ठेवा.

दोन गोष्टींत सांभाळा. पहिली, रांगेचा वेग. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते. तुमच्या बदलामुळे रांग रेंगाळली तर उत्तम कोशिंबीरही शिव्या खाईल. दुसरी, पावसाळा. जून ते सप्टेंबर कच्ची पालेभाजी आणि कच्चे मोड टाळा. मटकी वाफवून घ्या, बीट-गाजर उकडून दह्यात घाला. एकदा पोटं बिघडली की वर्षभर कोशिंबिरीकडे कुणी फिरकणार नाही.

५. पळीचं माप ठरवा

भाताचं ओगराळं लहान करा, उसळीचं आणि डाळीचं मोठं. भात आधी अर्धा वाढायचा आणि पुन्हा हवा असेल तर रांगेत न लागता घेता येईल असा वेगळा टोप ठेवायचा. तिथे पाटी लावा: 'भात आधी थोडा वाढतो. हवा तितका पुन्हा घ्या.' पाटीवरचं दुसरं वाक्य पहिल्याइतकंच ठळक असू द्या.

इथे मला अगदी कळकळीने सांगायचंय. लोडिंगवर, भट्टीवर, प्रेसवर उभं राहून आठ तास काम करणाऱ्याला भरपूर जेवण लागतं. एसीत बसणाऱ्याचं माप त्याच्यावर लादू नका. पोटभर मिळत नाही अशी कुजबुज एकदा सुरू झाली की कमिटी मालकाचे पैसे वाचवायला बसली आहे असंच सगळ्यांना वाटेल, आणि तसं वाटणं रास्तही असेल. म्हणून नाइट शिफ्टलाही दुसऱ्या वाढीचा टोप भरलेला आहे ना, हे कमिटीतल्या कुणीतरी स्वतः जाऊन बघावं.

लहान ताटं घेण्याचा सल्लाही मिळेल. त्यावर खर्च करू नका. ताटाच्या आकाराचे ठोकून सांगितले जाणारे बरेच दावे अमेरिकेतल्या एका संशोधकाच्या कामावर उभे होते, आणि त्याचे अनेक शोधनिबंध नंतर मागे घेतले गेले. २०१८ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिक समूहाने एकदम सहा मागे घेतले.

६. बिनमांसाहारी पर्याय वाढवा, पण मांसाहार काढू नका

केंब्रिज विद्यापीठातल्या कॉलेजांच्या भोजनगृहांत ९० हजारांहून जास्त जेवणांचा अभ्यास झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चार पर्यायांत एक शाकाहारी असायचा, तिथे दोन केले, तेव्हा शाकाहारी जेवणाची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. आपल्याकडे शाकाहारी पर्याय मुळातच असतो, पण तो बहुधा पनीर किंवा बटाटा एवढाच. त्याच्या शेजारी वालाचं बिरडं, काळ्या वाटाण्याची उसळ, छोले, अंडाकरी यांतलं काहीतरी तोडीचं ठेवा.

पर्यावरणाच्या अंगानेही हे महत्त्वाचं आहे. जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे चौथा हिस्सा अन्नव्यवस्थेतून येतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या मांसाचा भार त्यात कोंबडी आणि अंड्यांपेक्षा कितीतरी जास्त, आणि डाळी-कडधान्यांचा फार कमी. साचलेल्या पाण्यातल्या भातशेतीतूनही मिथेन निघतो. म्हणून परातीतून कचऱ्यात जाणारा भात वाचवणं हेही तितकंच खरं काम आहे.

हा विषय नाजूक आहे हे मात्र कायम ध्यानात ठेवा. आपल्या भागातले भूमिपुत्र आगरी-कोळी आहेत. बोंबील, जवळा, मांदेली हे त्यांचं घरचं, सकस अन्न आहे. सुका जवळा किंवा सुकट आठवड्यातून एकदा ठेवलीत तर मटणापेक्षा स्वस्त आणि पृथ्वीलाही हलकी पडेल. मांसाहार करणाऱ्याला कमी लेखणारा एकही शब्द फलकावर नको. 'शुद्ध', 'सात्त्विक' असले शब्द तर अजिबात नकोत. बुधवार-शुक्रवारचं चिकन जागच्या जागी राहू द्या. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि श्रावण लोक आपणहून पाळतात. नवे पदार्थ त्या दिवसांत आणा, सहज रुळतात.

७. नाव चविष्ट ठेवा

'डाएट थाळी', 'कमी तेलाची भाजी', 'मधुमेहींसाठी' अशी पाटी लावली की लोक आजाऱ्याचं जेवण समजून पुढे सरकतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या भोजनगृहात २०१७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग हेच सांगतो. भाजी तीच, कृती तीच, फक्त नावं चवदार दिली, तर साध्या नावापेक्षा २५ टक्के आणि 'आरोग्यदायी, कमी अमुक' अशा नावापेक्षा ४१ टक्के जास्त लोकांनी ती घेतली. तेव्हा पाटीवर 'खमंग फोडणीची मेथी', 'झणझणीत मटकी', 'आजीच्या पद्धतीचं दुधीचं भरीत' असं काही येऊ द्या. नावाप्रमाणे चव असली पाहिजे. मटकी मिळमिळीत निघाली तर पुढच्या वेळी पाटी कुणी वाचणार नाही.

मधुमेहींना माहिती लागतेच. ती वेगळ्या छोट्या तक्त्यात, ज्याला हवी त्याला मिळेल अशी लावा.

८. मीठ, साखर, तेल: सावकाश

मीठ एकदम कमी केलंत तर त्याच दिवशी तक्रार येईल. महिन्याला थोडं-थोडं कमी करा, जीभ जुळवून घेते. ब्रिटनमध्ये ब्रेडमधलं मीठ २००१ ते २०११ या काळात असंच हळूहळू सुमारे २० टक्क्यांनी खाली आणलं गेलं. चहा बिनसाखरेचा किंवा कमी साखरेचा आणि साखर बाजूला, ही व्यवस्था सर्वांत लवकर अंगवळणी पडते. 'अर्धा चमचा की एक?' असा प्रश्न वाढप्याने विचारला तरी पुष्कळ.

एक धोका टाळा. बाजारात पोटॅशियमयुक्त, 'लो सोडियम' मीठ मिळतं. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकतं. सगळ्यांच्या जेवणात ते परस्पर घालू नका.

तळणीचं तेल पुन्हापुन्हा वापरलं जातंय का, हेही पाहा. तेल पुन्हापुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं नावाचे घटक वाढतात; ती एकूण २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल अन्नासाठी वापरायला मनाई आहे. हे तपासायच्या पट्ट्या आणि छोटी यंत्रं मिळतात. सकाळच्या वड्याचं तेल दुपारच्या भाजीत जात असेल तर बाकीचे सगळे टप्पे थांबवून आधी हे बंद करा.

९. खरेदी हंगामाप्रमाणे

तुर्भ्याचा एपीएमसी बाजार आपल्या दाराशी आहे. भाजी, फळं, कांदा-बटाटा, मसाला आणि धान्य अशी पाच मार्केटं एकाच आवारात. ठाण्याकडच्यांना जांभळी नाका आहे. कंत्राटदाराबरोबर एकदा पहाटे जाऊन या. थंडीत पावटा, तुरीच्या शेंगा, मेथी, गाजर. पावसाळ्यात दुधी, दोडका, पडवळ. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं आणि कोकम सरबत, म्हणजे बाटलीतल्या शीतपेयाला दारात उभा पर्याय. मेनू हंगामावर बांधला की भाजी ताजी येते आणि त्याच पैशांत जास्त येते. मुरबाड-शहापूरच्या बायका पावसाळ्यात रानभाज्या आणतात. त्या घरी जरूर न्या. तीनशे जणांच्या टोपासाठी ते धाडस नको, कारण शेवळासारखी भाजी नीट शिजवली नाही तर घसा खाजतो.

१०. एका वेळी एकच बदल, मग तुलना

क्रम, पळी आणि नावं एकदम बदललीत तर कशाने काय झालं ते कळणार नाही. बुधवारची तुलना बुधवारशीच करा, चिकनची चिकनशी. श्रावण, गणपती आणि पगारानंतरचा आठवडा यांचे आकडे वेगळे लिहा, कारण तेव्हा खाणं बदलतंच. फलकावर फक्त एक आकडा लावा: काल ताटांत किती किलो अन्न उरलं. बादलीजवळ माणूस उभा करून ताटं तपासू नका. गावाकडून नव्याने आलेल्या मुलाला सगळ्यांसमोर 'भात का टाकलास' विचारणं हा अपमान आहे. सूचना वही मात्र बादलीजवळच ठेवा, चवीची खरी तक्रार तिथेच लिहिली जाते.

११. जमलेलं करारात आणा

कमिटी बदलते, एचआर बदलतं, आचारी गावी जातो. कागदावर नसलेलं सगळं मग विसरलं जातं. शिवाय ताटामागे ठरावीक दर असेल तर वाचलेल्या तांदळा-तेलाचा पैसा कंत्राटदाराच्या खिशात जातो, आणि कामगाराला ते दिसतं. म्हणून करार नव्याने होताना वाचलेल्या रकमेतून काय द्यायचं ते लिहून घ्या: रोज ताक, आठवड्यातून दोनदा केळं किंवा पेरू, उसळीचं वाढीव वजन. सोबत ताटामागे तेलाची कमाल मर्यादा, काउंटरवरचा क्रम, दुसऱ्या वाढीचा वेगळा टोप प्रत्येक शिफ्टला, हंगामी भाज्यांची यादी आणि तळणीचं तेल तपासल्याची नोंद ही कलमं घाला. मसुदा सहीला जाण्याआधी आचाऱ्याला वाचून दाखवा, आणि मराठीतली एक प्रत स्वयंपाकघरात, हात पोचेल अशा जागी लावा.